पाट्याची सुरी की कानशीची?

लोहाराकडे सुरी सांगायला गेलं की तो पहिल्यांदा विचारतो, "माल काय आणलाय?" बहुतेकांच्या घरात झिजलेली एखादी मोठी कानस असते. नाहीतर कराड-सातारा रस्त्यावर कमानी दुरुस्त करणाऱ्यांच्या दारात गाडीच्या कमानीचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, तुटके पाटे पडलेले असतात. सुरी दोन्हीची होते आणि नीट केली तर दोन्हीची चांगली होते. प्रश्न एवढाच, की चार-सहा शेळ्या, एखादी म्हैस, थोडा ऊस आणि थोडी बाग असलेल्या माणसाने एकच सुरी करून घ्यायची तर कशाची? माझ्याकडे दोन्ही आहेत. पण कमरेला एकच असते.

फरकाचं मूळ कार्बनमध्ये आहे. पाट्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा पुढे असतो, चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर. कार्बन जास्त तितकी धार कडक होते आणि टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो. पाट्याचा तर जन्मच वाकून परत सरळ होण्यासाठी झालेला असतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी मालाची पारख. कानस जुनी, नावाजलेल्या कंपनीची असेल तर प्रश्न नाही. हल्लीच्या स्वस्त कानशी पुष्कळदा वरूनच कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड. ग्राइंडरवर लावून बघा. भरपूर कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, बारीक बारीक चांदण्या दिसतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ जातात आणि क्वचित फुटतात. एक खूणगाठ बांधा: नुसता पृष्ठभाग घासून उपयोग नाही, थोडं आतपर्यंत घासून मगच ठिणगी बघायची, नाहीतर वरची कडक साल फसवते.

पाट्याचा धोका वेगळा. तो लाखो वेळा वाकलेला असतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा त्यात असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. म्हणून तो भाग घ्यायचाच नाही. उरलेला तुकडा गंज काढून डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, कोरडा पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं डिझेल खडूवर बारीक काळी रेघ उमटवतं. ट्रकच्या पाट्यापेक्षा जीपचा ६-७ मिमीचा पाटा घेतला तर लोहाराचे निम्मे घाव वाचतात. कमानवाल्याकडे नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मिळाला तर चिरांची काळजीच नाही.

घडवण्यात कानस जास्त कटकटीची. ती आधी मऊ करावी लागते: भट्टीत लाल करायची आणि राखेत पुरून रात्रभर तशीच ठेवायची. मग दाते पूर्ण घासून काढायचे. काही जण शोभा म्हणून पात्यावर दात्यांची नक्षी ठेवतात. दिसते छान, पण पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, चीर बरोबर त्या दात्याच्या तळातून सुरू होते. पाट्याला हे काही नको. तापवा, ठोका, सरळ करा, घासा.

पाणी देण्याच्या बाबतीत लोहाराशी आधीच बोलून घ्या. "पाणी" हा शब्द जुना आहे, पण या दोन्ही सुऱ्यांना खरं पाणी नको, तेल हवं. पाण्यात बुडवलं की पातळ पातं हमखास वाकतं, आणि कधी टिक्कन आवाज येतो. तो आवाज चिरेचा. दोन लिटर शेंगतेल किंवा करडईचं तेल लोखंडी डब्यात हाताला सोसेल इतकं कोमट करून ठेवायचं. जळलेलं इंजिन ऑइल वापरतात, पण त्याचा धूर छातीला वाईट. पातं लाल झालं की चुंबक लावून बघायचं. चुंबक चिकटेनासा झाला की त्याहून किंचित जास्त तापवून टोकाकडून सरळ खाली बुडवायचं. तेलात पुढे-मागे हलवायचं, आडवं नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी गार होते आणि पातं केळ्यासारखं वाकतं. नंतर धारेवर कानस फिरवली की ती घसरली पाहिजे. पकडली तर पाणी बसलेलं नाही.

त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, कडकपणा उतरवून घ्यायचा. उद्यावर ठेवलेलं पातं रात्रीत आपोआप तडकू शकतं. घरात छोटा ओव्हन असेल तर पाट्याच्या सुरीला २०० अंशांवर एकेक तास दोनदा. कानशीच्या सुरीला २३० च्या आसपास, कारण तिचा ठिसूळपणा जास्त मारावा लागतो. ओव्हन नसेल तर पातं चकचकीत घासून पाठीकडून मंद तापवत रंग बघायचा: पाट्याला गव्हाच्या काडीचा फिका पिवळा, कानशीला त्याहून गडद, मधाकडे झुकलेला. निळा धारेपर्यंत पोचला तर धार मऊ झाली, परत पहिल्यापासून.

इथपर्यंत दोन्ही बरोबरीत म्हणता येतील. वापरात मात्र कानशीची सुरी सुरुवातीला पुढे जाते, हे कबूल केलं पाहिजे. नवी असताना ती नायलॉनचं दावं एका ओढीत कापते, तिथे पाट्याची दोन ओढी घेते. जनावराच्या मानेला फास बसला असेल तेव्हा हा फरक छोटा नाही. आठवडा-आठवडा धार लावावी लागत नाही. नुसतं धारेकडे बघून निवड करायची तर कानशीचीच करावी लागेल.

पण माझ्या लेखी निकाल लागतो तो शेळीच्या खुरात. गोठ्यातच बांधून ठेवलेल्या शेळीची खुरं झिजत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी बाहेरची कड वाढून आत दुमडते आणि शेळी गुडघ्यावर चरायला लागते. खूर तासायचा म्हणजे पाय मागे घ्यायचा, तळ ब्रशने घासायचा आणि वाढलेली कड तळाच्या पातळीपर्यंत थर-थर काढायची. गुलाबी झाक दिसली की थांबायचं, पुढे रक्त. जत, आटपाडी, माण या भागात दुमडलेल्या कडेखाली मुरमाचे कण आणि गारगोटीचे बारीक खडे बसलेले असतात. कितीही घासा, एखादा राहतोच. सुरी त्याच्यावर गेली की कर्र होतं. पाट्याची धार तिथे मुडपते. कानशीच्या धारेचा कपचा उडतो.

ऐकायला दोन्ही सारखंच नुकसान वाटतं, पण दुरुस्ती सारखी नाही. मुडपलेली धार लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या बुडाला जी खरखरीत कड असते, तिच्यावर दहा-बारा वेळा ओढली की बऱ्यापैकी परत येते. बरणी पालथी करायची, पातं कडेवर साधारण पाठ दोन पैशांच्या जाडीइतकी उचलून धरायचं, फारसा जोर न देता. शेळीचा दुसरा पाय हातात घेईपर्यंत काम होतं. कपचा उडालेली धार अशी येत नाही. अर्ध्या मिलीमीटरची खाच पडली तरी सगळी धार तेवढी मागे न्यावी लागते. त्यासाठी कुरुंदाच्या दगडावर तासभर बसा, नाहीतर ग्राइंडरकडे जा. ग्राइंडरवर पातं निळं पडलं तर दिलेलं पाणीच उतरतं. खाच तशीच ठेवून काम केलं तर ती खुराचे तंतू ओढते, कापत नाही, आणि हात घसरतो. वाईट कापाकापी होते ती धार कमी असलेल्या सुरीने, हे जनावरं सांभाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

चौथ्या-पाचव्या शेळीनंतर खाच पडणार हे माहीत असताना सुरी हातात धरणं, याचाच मला कंटाळा आला. पाणी वेगळ्या हाताने दिलेली, रंग आणखी गडद उतरवलेली कानशीची सुरी कदाचित इतकी तडकणार नाही. पण तेवढी उतरवली की ती पाट्याच्या फार पुढेही राहत नाही, मग त्रास कशाला घ्यायचा?

बाभळीचा काटेरी फांदा, उसाचं गाठीचं कांडं, हाडाला लागणारं मटण, या सगळ्या ठिकाणी हाच न्याय लागतो. आणि कोयत्याच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नाही. कोयता पाट्याचाच. लांब पात्याला वरून फटका बसतो तेव्हा कानशीचं पोलाद मोडून तुकडा उडू शकतो.

कानशीला तिचं स्वतःचं घर आहे. तासगाव-मिरजेकडे डॉगरिज जातीच्या द्राक्षवेलीच्या खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम करतात, तिथे काडीला दोन बाजूंनी सपाट, एका ओढीतला काप लागतो. खडा नाही, हाड नाही, सगळं ओलं लाकूड. पातळ घासलेली कानशीची छोटी सुरी तिथे पाट्याला मागे टाकते. कलमं करणाऱ्याने डोळे झाकून कानशीची घ्यावी. फक्त त्या सुरीने दुसरं काही कापू नये आणि ती घरात कोणाला देऊ नये.

गंज दोघींनाही सारखाच. डाळिंब, चिंच, कांदा कापला की पातं काळं पडतं. ते घासून काढू नका, तो थर थोडं संरक्षणच करतो. लाल ठिपके तेवढे पुसा. उसाचा रस वाळला की चिकट थराखाली गंज धरतो, म्हणून लगेच धुऊन कोरडी करायची आणि खोबरेलाचा हात फिरवायचा. शेंगतेल लावलं तर काही दिवसांनी ते गोंदासारखं होतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं. पीव्हीसी पाइपचा तुकडा तापवून दाबून केलेलं म्यान कुरूप असतं, पण पाणी धरत नाही.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात राहणाऱ्याने स्टेनलेसचा विचार केला तर मी वाद घालणार नाही. तिथे आषाढात पुसलेलं पातं सकाळी लाल दिसतं. पण दुकानातलं स्वस्त स्टेनलेस मऊ असतं. दगडावर घासलं की धारेला पत्र्यासारखी बारीक तार येते, ती या बाजूची त्या बाजूला होते, निघत नाही. चांगलं स्टेनलेस घरच्या भट्टीत पाणी देण्यासारखं नसतं, त्यामुळे आपल्या लोहाराला ते सांगू नये.

मुठीबद्दल एकच आग्रह. पात्याचं मागचं निमुळतं शेपूट तापवून लाकडात ठोकलेली मूठ उन्हाळ्यात लाकूड आटलं की खुळखुळते. पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड ठेवायला सांगा, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या किंवा शिसवीच्या फळ्या, मध्ये एरल्डाइट, आणि पितळेचे ५ मिमीचे दोन रिवेट. मूठ आपल्या पंज्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटं लांब, आणि पॉलिश नको. दुधाच्या किंवा रक्ताच्या ओल्या हातात पॉलिश सटकतं.

पातं साडेचार इंच, पाठ ३ मिमीच्या आसपास, धार एकाच बाजूला. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येऊ शकतं. शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, पण यात्रेत कमरेला लावून फिरलात तर ते शेतीचं अवजार आहे हे पटवत बसावं लागेल.

आणि जायची वेळ सांभाळा. पेरणीच्या आधी लोहार कुळवाच्या फासा आणि खुरपी शेवटण्यात, म्हणजे झिजलेली धार तापवून-ठोकून नीट करण्यात, बुडालेला असतो, दिवाळीच्या आसपास कोयत्यांची गर्दी. पेरण्या उरकल्यावर, गौरी-गणपतीच्या आधी गेलात तर भट्टी निवांत असते. चुंबक आणि तेलाचा डबा आपला आपण घेऊन जा.