ज्याँ रोंदो यांचे ‘गोल्डबर्ग’: विरामाला पुरता वेळ देणारा बाख

हार्प्सिकॉर्ड या जुन्या, पट्ट्यांच्या वाद्यात पियानोसारखी हातोडी तारेवर आपटत नाही. पट्टी दाबली की लाकडी कांडी वर उचलली जाते आणि तिच्यावरचे नखीसारखे टोक तार छेडते. त्यामुळे बोटाचा जोर कमी-जास्त करून स्वर लहान-मोठा करण्याची सोय वादकाला जवळजवळ नसते, आणि स्वर केव्हा छेडायचा, किती धरायचा व पुढच्या स्वरापूर्वी किती थांबायचे, एवढेच त्याच्या हाती उरते. ‘एराटो’ या ध्वनिमुद्रण कंपनीने २०२२ साली काढलेले, फ्रेंच हार्प्सिकॉर्डवादक ज्याँ रोंदो यांचे जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे ध्वनिमुद्रण नेमके या थांबण्यावर उभे आहे.

१९९१ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या रोंदो यांनी हार्प्सिकॉर्डवादक ब्लांदीन व्हर्ले यांच्याकडे शिक्षण घेतले आणि २०१२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बेल्जियममधल्या ब्रुजच्या आंतरराष्ट्रीय हार्प्सिकॉर्ड स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवले. त्यानंतर बाख, रामो, स्कार्लाती या संगीतकारांच्या रचनांचे अल्बम येत राहिले. पण ते जॅझही वाजवतात, आणि २०१६च्या ‘पाउला’ या जर्मन चित्रपटाचे संगीत त्यांचेच आहे. या अल्बममधला वादक मुळात रचनाकारही आहे, हे ऐकताना वारंवार जाणवते.

एक आरिया (मूळ संथ धून), तिच्यावरची तीस रूपांतरे आणि शेवटी पुन्हा तीच आरिया, अशी ही १७४१ साली छापलेली रचना. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९५५ साली पियानोवर, प्रत्येक भागाच्या लिहिलेल्या पुनरावृत्त्या गाळून ती सुमारे ३८ मिनिटांत संपवली होती. रोंदो पुनरावृत्त्या घेतात आणि पावणेदोन तासांच्या आसपास जातात. आरियातच त्यांची पद्धत कळते: एकत्र लिहिलेले स्वर ते किंचित विस्कटून, एकामागून एक सोडतात, आणि पुनरावृत्तीत अलंकार असे बदलतात की ते त्या क्षणी सुचल्यासारखे वाटतात. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही चाल परकी वाटणार नाही. पंचविसावे, मायनर या उदास छटेच्या स्वरसप्तकातले रूपांतर हा या मुद्रणाचा कळस आहे. तिथे प्रत्येक स्वर विझत जाताना ऐकू येतो आणि पुढचा स्वर उशिरा आला तरी उशीर झाल्यासारखे वाटत नाही.

सगळीकडे मात्र हा संथपणा सारखा फळत नाही. एकाच हार्प्सिकॉर्डच्या दोन कीबोर्डांसाठी लिहिलेल्या, हात एकमेकांवरून धावणाऱ्या चपळ रूपांतरांत खट्याळपणा हवा; तिथे वाक्याच्या शेवटी रेंगाळण्याची सवय लय मोडते, आणि तीच लकब तिसऱ्या-चौथ्यांदा आली की ती विचारापेक्षा सवयच अधिक वाटू लागते. हार्प्सिकॉर्डची ओळखच करून घ्यायची असेल, तर त्यांचाच रामो आणि र्वाये यांच्या रचनांचा ‘व्हर्टिगो’ आधी ऐकावा. तो अधिक नाट्यमय आहे आणि चटकन पकड घेतो.

‘गोल्डबर्ग’ पाठ असलेल्या श्रोत्याने मात्र हा अल्बम घ्यावाच, असे मला वाटते. मोबाइलवर ऐकत असाल तर एक काळजी घ्यावी: अॅपमधली, एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद ठेवावी, कारण दोन रूपांतरांमधले जे विराम रोंदो यांनी इतक्या विचाराने सोडले आहेत, तेच तिच्यात नाहीसे होतात.