ऑल्डर्नीसाठी कोणतं विमान: डॉर्निअर २२८ की ट्विन ऑटर?

इंग्लिश चॅनेलमधल्या ऑल्डर्नी बेटाला जगाशी जोडणारी ऑरिनी ही विमान कंपनी शेजारच्या गर्न्सी बेटाच्या सरकारच्या मालकीची. शेपटीवर तिसरं इंजिन असलेली तिची जुनी ट्रायलँडर विमानं २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्या जागी शोभतील अशी दोन विमानं, दोन्ही १९ आसनी.

डॉर्निअर वेगवान आहे. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन, म्हणजे प्रत्येकाला खिडकी! कानपूरला एचएएल हेच विमान बनवते, त्यामुळे आपल्याला त्याचं कौतुक जरा जास्तच.

पण गर्न्सी ते ऑल्डर्नी अंतर जेमतेम ४० किलोमीटर. डॉर्निअरला ताशी ४०० किलोमीटरने सहा मिनिटं, ट्विन ऑटरला २८० ने साधारण नऊ. प्रत्यक्षात चढ-उतारात हा फरक आणखी घटतो. एवढ्यासाठी डॉर्निअरची आत घेता येणारी चाकं, म्हणजे जास्तीची यंत्रणा, खाऱ्या हवेत सांभाळत बसायची?

ट्विन ऑटरची चाकं कायम बाहेरच असतात. हवेचा अडथळा वाढतो, पण बिघडायला एक गोष्ट कमी. शिवाय त्याला धावपट्टी कमी लागते, आणि ऑल्डर्नीची मुख्य धावपट्टी ९०० मीटरही नाही. त्याचं पीटी६ इंजिन जगभर वापरात असल्याने सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक मिळणंही सोपं.

बेटावरच्या पेशंटला तपासणीसाठी गर्न्सी गाठायचं असतं, तेव्हा विमान रोज सुटणं महत्त्वाचं. माझं मत ट्विन ऑटरला. मार्ग दोन-तीनशे किलोमीटरचा असता, तर मी डॉर्निअर निवडलं असतं.