सहाव्या लेनमधल्या पोराला न्याय: हायस्कूलचं मैदान आखून देणाऱ्या टोळीबद्दल

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत तिघांची एक टोळी पंचक्रोशीच्या हायस्कुलांची मैदानं आखून देते. या भागातल्या बहुतेक पीटी सरांकडे त्यांचा नंबर असतो. विभागीय आणि तालुका स्पर्धांच्या आधी त्यांना बोलवावं की आठवी-नववीच्या पोरांना हाताशी धरून घरच्या घरी फक्की, म्हणजे रेघांची पांढरी पूड, मारावी, हा प्रश्न दरवर्षी येतो. आमचं उत्तर: ट्रॅकसाठी जरूर बोलवावं, बाकीच्या कामासाठी गरज नाही. आणि दोन बाबतींत त्यांना आधीच बजावून ठेवावं.

आधी मैदानाबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ ला हा पट्टा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, पण खेड्यातल्या शाळेची घडी फारशी बदलली नाही. गावात सातवीपर्यंतची मराठी शाळा, आणि पुढं आठवी ते दहावीला चार-पाच गावांत मिळून एक हायस्कूल. अशी हायस्कुलं लोकवर्गणी आणि श्रमदानातून उभी राहिली. कुणी बांधाकडचे दहा गुंठे दिले, कुणी शेजारचा तुकडा जोडला. आधी वर्ग बांधले, मग उरलेल्या जागेला मैदान म्हटलं. त्यामुळं मैदान क्वचितच चौकोनी असतं. एका कोपऱ्यात जांभ्याचा खडक वर आलेला, दुसरीकडं उतार, मध्येच कुणाच्या तरी आज्याने लावलेला आंबा, आणि तो तोडायचा विषयही कुणी काढत नाही. तालीम मात्र गावात हायस्कुलाच्या आधीपासून असते, म्हणून कुस्ती आणि कबड्डीला पोरं तयार मिळतात. पळण्याचं तंत्र शिकवायला मोजलेली जागा लागते, आणि नड तिथंच आहे.

सहा लेनच्या ४०० मीटर ट्रॅकला पावणेचार एकर सपाट जागा लागते. ती कुठल्याच खेड्यातल्या हायस्कुलाकडे नसते. २०० मीटरचा ट्रॅक मात्र ९५ बाय ५५ मीटरमध्ये, म्हणजे एक एकर बारा गुंठ्यांत बसतो. ही टोळी तोच आखते. दोन्ही सरळ बाजू ४० मीटर, दोन टोकांना अर्धवर्तुळं, लेनची रुंदी १.२२ मीटर. पुस्तकात वाचून आखणारे पहिली चूक इथं करतात. आतल्या बाजूला उंच कठडा असेल तर पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. नुसती फक्कीची रेघ असेल तर २० सेंटिमीटरवर. आपल्याकडं कठडा नसतोच. म्हणून आतल्या रेघेची त्रिज्या १८.९० मीटर हवी. कठड्याचा हिशोब धरून १८.८० घेतली तर फेरी १९९.३८ मीटरची होते, बासष्ट सेंटिमीटर कमी. टोळीचा म्होरक्या हे विचारायच्या आधी सांगतो, आणि त्यामुळंच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

दुसरी चूक याहून मोठी आहे आणि ती तालुक्याच्या मैदानावरही दिसते: स्टॅगर. २०० मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या लेनवाल्याला किती पुढं उभं करायचं, याचा तक्ता सगळ्या पुस्तकांत असतो. दुसऱ्या लेनला ३.५२, तिसऱ्या लेनला ७.३५, असं करत सहाव्या लेनला १८.८५ मीटर. पण तो तक्ता ४०० मीटरच्या ट्रॅकचा आहे. तिथं २०० मीटर धावताना एकच वळण लागतं. आपल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर पूर्ण फेरी होते, म्हणजे दोन वळणं. स्टॅगर ट्रॅकच्या आकारावर ठरत नाही. लेनची रुंदी आणि वळणांची संख्या यांवर ठरतो. १.२२ मीटरच्या लेनला पूर्ण फेरीत दर लेनमागे ७.६७ मीटर, सहाव्या लेनला ३८.३३ मीटर. पुस्तकातला तक्ता तसाच उतरवला तर सहाव्या लेनमधलं पोर पहिल्या लेनपेक्षा साडेएकोणीस मीटर जास्त धावतं. ते शेवटी येतं, सगळे म्हणतात दम नाही, आणि त्याचं नाव यादीतून जातं. ही चूक कुणी दुष्टपणानं करत नाही. पण ते पोर पाच-सहा किलोमीटर चालत शाळेला येणारं असेल, आणि त्याला मिळालेली ती वर्षातली एकच संधी असेल, तर या चुकीला छोटी म्हणता येत नाही. फेरीपेक्षा जास्त अंतर लेनमध्येच पळवायचं असेल, म्हणजे ४०० मीटर किंवा ४×१०० रिले, तर हाच आकडा दुप्पट, दर लेनमागे १५.३३ मीटर.

आता काम जवळून. सुरुवात गुण्यापासून: फीत्यावर ३, ४, ५ च्या पटीत, म्हणजे ९, १२ आणि १५ मीटर धरून काटकोन काढतात. मग ४० मीटरवर दोन केंद्रं, प्रत्येकी एक लोखंडी खुंटी. त्रिज्येला नायलॉनची दोरी वापरत नाहीत, पोलादी फीता वापरतात. कारण साधं आहे. दोरी दहा सेंटिमीटर ताणली की फेरी त्रेसष्ट सेंटिमीटरनं वाढते, आणि ओली झाली की वेगळी ताणते, उन्हात वेगळी. स्टॅगर मोजताना ते सरळ फीता ओढत नाहीत. लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर, वळणाच्या अंगानं हातहातभर अंतरावर खिळे टोचतात आणि फीता त्या खिळ्यांना टेकवत नेतात. सहा लेनना या कामाला दीड तास जातो. तो दीड तास वाचवायला सांगू नका. ते ऐकतातही, आणि तिथंच घोळ होतो.

सहा लेनच्या सात रेघा मिळून साधारण १५५० मीटर भरतात. पाच सेंटिमीटर रुंद रेघेला मीटरमागे ६० ते ८० ग्रॅम फक्की धरली तर शंभर ते सव्वाशे किलो, म्हणजे पंचवीस किलोची पाच पोती. डबा हलवत मारली तर याहून जास्त जाते आणि रेघ जाड-बारीक होते. त्यांच्याकडं चाकाची गाडी आहे, तिनं रेघ एकसारखी पडते. फक्की दमट असेल तर मात्र गाडीचं तोंड चोंदतं. पोती आदल्या दिवशी वर्गात कोरड्यावर ठेवावीत.

इथं पहिली तक्रार. ते कळीचा चुना आणतात, कारण तो पांढराशुभ्र दिसतो. आपल्या स्पर्धा येतात ऐन पावसाळ्यात, जांबोटी-कणकुंबीकडं तर त्या दिवसांत उघडीप मिळणंही कठीण. ओल्या गवतावर कळीचा चुना पडला की तापतो, आणि आपली पोरं अनवाणी धावतात. पायाची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. पोती आपण स्वतः आणून द्यावीत: खडूची पावडर किंवा रांगोळी. पांढरेपणा थोडा कमी दिसेल, पण पाय शाबूत राहतील. दुसरी तक्रारही पायाशीच संबंधित आहे. पावसात रेघ धुतली तरी खूण राहावी म्हणून ते स्टॅगरच्या जागी बाटलीचं पत्र्याचं बूच खिळ्यानं ठोकतात. खूण पक्की राहते यात शंका नाही, पण बुचाची कड कापते. बुचाऐवजी जाड कापडाची पट्टी खिळ्याखाली धरून जमिनीच्या खाली दाबायला सांगावं. खिळ्याचं डोकं वर राहता कामा नये.

तांबड्या मातीवर त्यांचं काम चांगलं टिकतं, पाणी लवकर जिरतं. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीचा मात्र त्यांना सराव नाही. ती माती ओली झाली की पायाला शेर-शेर चिकटते आणि उन्हात भेगाळते. तिथं गेल्या मोसमाच्या खुंट्याही जागेवरून सरकलेल्या असतात. काळ्या रानात आखणी स्पर्धेच्या आदल्या दिवशीच करावी आणि त्रिज्या नव्यानं तपासून घ्यावी.

१०० मीटर हा कच्चा दुवा आहे. ९५ मीटर लांबीच्या मैदानात १०० मीटर बसत नाही हे उघड आहे. कोनाकोनी कर्ण सुमारे ११० मीटर भरतो, म्हणून ते कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारून देतात. पण धावणाऱ्याला शेवटच्या रेघेपुढं थांबायला किमान १७ मीटर लागतात, सुरुवातीच्या मागं ३ मीटर. कर्णावर उरतात दहा. पोर सगळ्या वेगात कंपाउंडच्या भिंतीवर जातं. याला आमचा स्पष्ट विरोध आहे. सराव ६० किंवा ८० मीटरचा करावा आणि १०० मीटरची वेळ घ्यायला मोठं मैदान गाठावं.

लांब उडीची आखणी ते नीट करतात: टेकऑफच्या फळीपासून खड्ड्याच्या लांबच्या कडेपर्यंत १० मीटर, खड्डा पावणेतीन मीटर रुंद. खड्ड्यात काय भरायचं ते मात्र शाळेवर सोडतात. क्रशरची कच भरू नये, ती गुडघे सोलते. जाडसर नदीची वाळू, फुटभर खोल, आणि रोज खोऱ्यानं उलटायला हवी, नाहीतर एका पावसात घट्ट बसते. गोळाफेकीच्या वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर, गोळा पडायच्या जागेचा कोन काढायला त्यांची युक्ती चांगली आहे. कोनमापक न लावता केंद्रापासून २० मीटरवर दोन खुणा करतात, त्यांच्यातलं अंतर बरोबर १२ मीटर, झाला ३४.९२ अंशांचा कोन.

कबड्डी, खोखोला त्यांना बोलवायची गरज नाही. मुलींचं कबड्डी मैदान १२ बाय ८ मीटर, खोखोचे खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर; एवढं पीटी सर दोन पोरं घेऊन तासाभरात करतात.

बोलवायचं तर गवत कापून आणि खडे वेचून ठेवावेत, नाहीतर त्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो. आणि जायच्या आधी एक काम त्यांच्याकडून करून घ्यावं, ते आपणहून करत नाहीत. दोन्ही केंद्रांच्या खुंट्या काँक्रीटमध्ये बसवून मातीखाली चार बोटं दाबायच्या, आणि झेंड्याच्या खांबापासून व ऑफिसच्या दोन कोपऱ्यांपासून त्यांची अंतरं मोजून शाळेच्या वहीत लिहायची. पीटी सरांची बदली झाली तरी ती वही शाळेतच राहते, आणि पुढच्या वर्षी केंद्र शोधायला फक्त फीता आणि खुरपं लागतं.