एटिमऑनलाइन : 'स्वेझन' टाकून घेतलेली परीक्षा

कोशांच्या साइटची परीक्षा रोजच्या शब्दावर घेण्यात अर्थ नाही, तिथे सगळ्याच पास होतात. 'स्वेझन' (suasion) हा इंग्रजी शब्द त्यासाठी बरा. अर्थ : युक्तिवाद करून समोरच्याचं मन वळवणं. आता तो बहुधा 'मॉरल स्वेझन' या जोडीतच भेटतो. मध्यवर्ती बँक आदेश न काढता बँकांना नुसतं सुचवते, तेव्हा अर्थशास्त्राची पुस्तकं हेच नाव देतात.

एटिमऑनलाइन या डग्लस हार्पर यांच्या इंग्रजी व्युत्पत्तीच्या, म्हणजे शब्दांच्या उगमाच्या, मोफत कोशात नोंद छोटी आहे, पण भरगच्च. 14व्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमधून किंवा थेट लॅटिनमधून. लॅटिन क्रियापद 'स्वादेरे', म्हणजे आग्रहाने सुचवणं, आणि त्याचं नातं 'स्वाविस'शी, म्हणजे गोड या शब्दाशी. इथेच थांबू नका. नोंदीतल्या मूळ धातूवर क्लिक करा, मग अख्खं कुटुंब दिसतं : 'स्वीट', 'पर्सुएड', ग्रीकमार्गे आलेला 'हेडोनिझम', म्हणजे सुखवाद, आणि संस्कृत 'स्वादु'. (ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' झाला, म्हणून 'हेडोनिझम' ओळखू येत नाही.)

'पर्सुएड'ची नोंदही वाचावी. त्यातला 'पर' म्हणजे पुरेपूर. लॅटिनमध्ये 'स्वादेरे' म्हणजे पटवू पाहणं, 'पेर्स्वादेरे' म्हणजे पटवून मोकळं होणं. 'स्वे', म्हणजे डोलणं, याच्याशी मात्र दोन्हींचं काही नातं नाही. नुसत्या उच्चारावरून कुळी लावली की हमखास फसगत होते.

वाचताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. नोंदीतलं '14सी' म्हणजे 1301 ते 1400, चौदाशेच्या पुढची वर्षं नव्हेत. तेही सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी वापराचं शतक. बोलण्यात शब्द आधीपासून असू शकतो. आणि धातूच्या आधीची चांदणी (*) सांगते की हे रूप कुठे लिहिलेलं मिळालेलं नाही, भाषांच्या तुलनेतून बांधलेलं आहे. ही चांदणी गाळून धातू उद्धृत करणारे लेख वाचले की चिडचिड होते.

उणीव मोठी एकच : कुठलं विधान कुठल्या ग्रंथातून घेतलं, हे त्या-त्या ओळीपाशी सहसा कळत नाही, संदर्भग्रंथांची यादी वेगळ्या पानावर आहे. शोधनिबंधासाठी हे पुरत नाही. तिथे ऑक्सफर्डचा मोठा कोशच हवा. तो वापराची उदाहरणं सालवार देतो. वर्गणी भरावी लागते, पण बऱ्याच ग्रंथालयांच्या सभासदत्वावर तो उघडतो. उच्चारापुरती विक्शनरी पुरे.