क्लोनझिला लाइव्ह : ड्राइव्हची इमेज घेताना कीबोर्ड आणि माऊस कितपत साथ देतात?

क्लोनझिलाचा वेग, त्याची विश्वासार्हता आणि ते विनामूल्य मिळते ही गोष्ट, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत परीक्षणात एकाच अंगाने त्याच्याकडे पाहिले आहे. ड्राइव्हची इमेज, म्हणजे त्यावरच्या सगळ्याची जशीच्या तशी साठवलेली प्रत, घ्यायची तर रोजची प्रणाली बंद ठेवून पेनड्राइव्हवरून वेगळी प्रणाली सुरू करावी लागते, आणि तिथे बहुतेकांचे काम अडते ते कॉपी होताना नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, मेनू समोर असूनही कळा दाबून काहीच हलत नाही अशा वेळी.

क्लोनझिला हे तैवानच्या एका राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेले, अशा इमेज घेण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला चित्रमय पडदा नाही. निळ्या पार्श्वभूमीवरचे अक्षरी मेनू, बाणांच्या कळा, टॅब, स्पेसबार आणि एंटर एवढ्यावर सगळे चालते. प्रथमदर्शनी हे जुनाट वाटते, पण माऊसची गरजच न ठेवल्यामुळे बिघडू शकणारी एक वस्तू आपोआप कमी झालेली असते. नवख्यांना एक खोच मात्र माहीत हवी. ड्राइव्हच्या यादीत बाणाने ओळीवर जाणे म्हणजे ती निवडणे नव्हे. स्पेसबार दाबून चौकटीत तारा उमटला, की मगच ती ओळ निवडली जाते. ‘कीबोर्ड चालत नाही’ अशा तक्रारींमागे कधी कधी एवढेच कारण असते.

कीबोर्ड खरोखरच बंद असेल, तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडला हे आधी पाहावे. संगणक सुरू होताच बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाता येत नसेल, तर क्लोनझिलाचा संबंधच येत नाही. ‘फास्ट बूट’ चालू असल्यास अनेक मदरबोर्ड वेळ वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणे जागी करण्याचे टाळतात. अशा वेळी विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करावे आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून फर्मवेअर सेटिंग्जमध्ये, म्हणजे बायोसमध्येच, शिरून फास्ट बूट बंद करावे. त्याच ठिकाणी ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे. गेमिंगसाठीचे काही कीबोर्ड एका वेळी कितीही कळा ओळखण्याच्या खास पद्धतीने काम करतात आणि बायोसला ती पद्धत समजत नाही. त्यांवर साध्या पद्धतीत जाण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर सरळ साधा तारेचा कीबोर्ड जोडावा.

बूट मेनूपर्यंत कळा नीट चालल्या आणि पुढे अचानक थांबल्या, तर कारण वेगळे असते. तोवर यूएसबी कीबोर्ड सांभाळण्याचे काम फर्मवेअर करत असते. कर्नेलने, म्हणजे सुरू होणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याने, ताबा घेतला की ती सोय संपते आणि यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या कंट्रोलरसाठीचा ड्रायव्हर कर्नेलकडे स्वतःचा असावा लागतो. विंडोज ७ च्या काळातल्या रेस्क्यू डिस्क नेमक्या इथेच गारद होतात, कारण त्या प्रणालीत यूएसबी ३.० कंट्रोलरचा ड्रायव्हर मुळातच नव्हता आणि इंटेलने २०१५ मध्ये आणलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून जुना यूएसबी २.० कंट्रोलर काढून टाकला. क्लोनझिला ज्यावर चालते त्या लिनक्स कर्नेलमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर २००९ पासून आहे. त्यामुळे क्लोनझिलाची अलीकडची आवृत्ती घेतली असेल, तर या टप्प्यावर अडचण क्वचितच येते. आली, तर पहिली चाचणी नम लॉकची करावी. कळ दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर कर्नेलपर्यंत कळ पोहोचते आहे आणि दोष मेनूत किंवा आपल्या समजुतीत आहे. दिवा ढिम्म राहिला, तर कीबोर्ड काढून दुसऱ्या पोर्टात लावावा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांवर आधारित अशा क्लोनझिलाच्या दोन आवृत्त्या मिळतात. त्यांची कर्नेले वेगवेगळी असल्याने एकीवर कळा चालेनात, तर दुसरी वापरून पाहण्यात अर्थ आहे.

बिनतारी कीबोर्डाविषयी माझे मत स्पष्ट आहे: या कामासाठी तो वापरू नये. ब्लूटूथ कीबोर्डाची जोडणी नेहमीच्या प्रणालीत साठवलेली असते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या प्रणालीला तो सहसा ओळखूच येत नाही. डोंगलवर (यूएसबी पोर्टात लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारा कीबोर्ड ओळखला जातो, पण त्याची गंमत पुढे सुरू होते. यूएसबी ३.० च्या तारा आणि जोडण्यांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, हे इंटेलनेच २०१२ च्या एका तांत्रिक टिपणात मांडले आहे. एरवी तो जाणवत नाही. इमेज घेताना मात्र बाहेरचा ड्राइव्ह डोंगलच्या शेजारच्या पोर्टात पूर्ण वेगाने काम करत असतो आणि तेव्हा माऊस अडखळतो, कळा गळतात. कळ सोडल्याचा संदेशच हरवला तर तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत राहते. इमेज परत उतरवताना क्लोनझिला ड्राइव्ह पुसण्यापूर्वी ‘वाय’ (होकार) टाइप करून दोनदा संमती मागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातला धोका कळतो. बिनतारीला पर्यायच नसेल, तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने ड्राइव्हपासून दूर न्यावे आणि शक्यतो यूएसबी २.० पोर्टात लावावे.

पोर्ट कमी असणे ही लॅपटॉपची जुनी अडचण आहे. बूटचा पेनड्राइव्ह, इमेज साठवायचा ड्राइव्ह आणि कीबोर्ड यांना पुरतील एवढे पोर्ट अनेकदा नसतात. क्लोनझिलाच्या बूट मेनूतला ‘टू रॅम’ हा पर्याय मला म्हणूनच सर्वांत उपयुक्त वाटतो. तो निवडल्यास सगळी प्रणाली मेमरीत चढते, पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि एक पोर्ट मोकळा होतो. हब वापरावाच लागला, तर त्यावर कीबोर्ड ठेवावा आणि ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा. यूएसबी २.० पोर्टातून प्रमाणानुसार ५०० आणि यूएसबी ३.० पोर्टातून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर फिरत्या चकतीचा ड्राइव्ह लावला, तर वीज कमी पडून सगळा हब क्षणभर बंद होऊ शकतो, आणि मग कीबोर्ड तर जातोच, शिवाय इमेजही अर्धवट राहते.

कीबोर्डाचा भरवसा नसेल, तर त्याचे काम आधीच उरकून घेण्याची सोयही यात आहे. भाषा, कीबोर्डाची मांडणी आणि चालवायची आज्ञा हे सगळे पेनड्राइव्हवरच्या बूट फाइलमध्ये दुसऱ्या संगणकावरून लिहून ठेवता येते. शिवाय मेनूतून केलेल्या निवडींची पूर्ण आज्ञा क्लोनझिला पडद्यावर दाखवते, ती उतरवून घेतली की तिचाच आधार घेता येतो. काम संपल्यावर संगणक बंद करायचा पर्यायही सुरुवातीलाच निवडता येतो. ही सोय उत्तम असली, तरी तिची माहिती इतकी विखुरलेली आहे आणि मेनूतली वाक्ये इतकी दाटीवाटीची आहेत, की सामान्य माणूस तिथपर्यंत पोहोचणे कठीण. मूळ ड्राइव्हपेक्षा लहान ड्राइव्हवर इमेज उतरवता येत नाही, ही मर्यादाही आहेच.

अक्षरी मेनूंचा धसका घेणाऱ्यांसाठी हेच काम करणारी रेस्क्यूझिला आहे. क्लोनझिलाने घेतलेल्या इमेज तिला वाचता येतात आणि तिचा चित्रमय पडदा समजायला सोपा आहे. माऊस धड चालत असेल, तर नवख्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. माऊस रुसला तर टॅब आणि एंटरवर काम रेटता येते, पण ते कंटाळवाणे होते. यूएसबी कंट्रोलरच ओळखला जात नसेल, तर दोन्ही सारख्याच हतबल ठरतात. तेव्हा मदरबोर्डवर पीएस/२ चे (जुन्या कीबोर्ड-माऊसचे) गोल पोर्ट असल्यास जुना कीबोर्ड शोधून तिथे लावावा. फक्त तो संगणक पूर्ण बंद असतानाच जोडावा, कारण चालू संगणकात पीएस/२ उपकरण जोडण्याची सोय मुळात केलेली नाही.