जुन्या एक्सपीवर कोणता प्लेअर चालतो? आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांचा जुना संगणक भंगारात द्यायचा नाही, हे घरात पक्कं होतं. विंडोज एक्सपी, एका कोअरचा प्रोसेसर, 1 जीबी रॅम. त्यांचा हात त्याच्यावरच बसलेला आहे. त्यांना फक्त घरचे व्हिडिओ नीट दिसायला हवे होते.

सुरुवातीला मी चुकलो. जुन्या मशीनला जुनीच आवृत्ती हलकी पडणार, असं समजून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची 2.0 टाकली. जुन्या एव्हीआय फायली छान चालल्या, पण मोबाइलवर काढलेले व्हिडिओ उघडेनात. कारण सरळ आहे: 2.0 आली 2012 मध्ये आणि हे व्हिडिओ ज्या एचईव्हीसी कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत) होते ते प्रमाण ठरलं 2013 मध्ये. शिवाय ती आवृत्ती मी भलत्याच साइटवरून घेतली होती. सोबत आलेला टूलबार काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

नंतर कळलं की व्हीएलसी 3.0 सुद्धा एक्सपीवर चालते. अट एकच, सर्व्हिस पॅक 3 (एक्सपीचा तिसरा मोठा अपडेट) हवा. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की ते दिसतं. 32 बिटची फाइल दुसऱ्या संगणकावर अधिकृत साइटवरून उतरवून पेनड्राइव्हने आणा. एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या सुरक्षित साइट बहुधा उघडतच नाहीत.

3.0 ने सगळं उघडलं, पण 1080पी (1080 ओळींचं, जास्त बारकाव्याचं चित्र) अडखळत होतं. व्हीएलसीचं हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं, विंडोजच्या डीएक्सव्हीए 2 या सोयीवर चालतं आणि ती व्हिस्टापासून पुढे आहे, म्हणजे एक्सपीवर सगळा भार प्रोसेसरवर. प्रेफरन्सेसमध्ये एच.264 (एचईव्हीसीच्या आधीचा, हलका कोडेक) चा लूप फिल्टर, म्हणजे चित्र गुळगुळीत करणारी पायरी, पूर्ण वगळायला सांगितला आणि व्हिडिओ आउटपुट डायरेक्टड्रॉ (चित्र पडद्यावर दाखवायची विंडोजची जुनी पद्धत) केलं. चित्र किंचित खडबडीत झालं, पण 720पी सुरळीत चालू लागलं. एचईव्हीसी मात्र या प्रोसेसरला झेपतच नाही. त्या फायली मी दुसऱ्या संगणकावर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममधून 480पी एच.264 करून घेतल्या. एवढे कष्ट घेतल्यावर बाबांनी नातीचा पहिला व्हिडिओ न थांबता पाहिला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

एमपीसी-एचसी या दुसऱ्या प्लेअरची 1.7.13 ही आवृत्ती पण ठेवली आहे. 2017 ची, एक्सपीवर चालणारी. पटकन उघडते, म्हणून बाबा रोज तीच वापरतात. मूळ चमूने तिच्यानंतर काम थांबवलं, तिच्यातल्या सुरक्षेच्या चुका आता दुरुस्त होणार नाहीत, त्यामुळे अनोळखी फाइल मी तिच्यात उघडत नाही, आणि हा संगणक नेटलाही जोडत नाही.

विंडोज 7 च्या लॅपटॉपवर विचार करावा लागला नाही, ताजी 3.0 टाकली आणि झालं. जुन्या मॅकचं वेगळं आहे: व्हीएलसी 3.0 ला मॅक ओएस 10.7.5 लागतं, म्हणून मॅक ओएस 10.6 साठी व्हीएलसी 2.2.8 आणि 10.5 साठी 2.0.10 घ्या.

एक अडचण अजून आहे. एक्सपीवर मोठी फाइल पुढे सरकवली की चित्र दोन-तीन सेकंद गोठतं आणि आवाज आधी सुरू होतो. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.