नोव्हाचे इंजिन माउंट: सॉलिड काढले, रबर बसवले

माझी १९६९ ची शेव्हरले नोव्हा आली तीच सॉलिड माउंट घेऊन, म्हणजे इंजिन फ्रेमवर धरून ठेवणारे आधार रबराविना, नुसत्या धातूचे. आधीचा मालक तिला ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या पट्ट्यावर) पळवायचा, त्यामुळे त्याच्या जागी तो बरोबर होता. मी तिला मिशिगनच्या रस्त्यांवर रविवारी बाहेर काढतो आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत बसतो. अशा गाडीला सॉलिड माउंट म्हणजे धावपटूचे खिळ्यांचे बूट घालून भाजी आणायला जाणं.

त्रास नेमका काय? ३५० घन इंचांचं इंजिन, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. नव्वद अंशांचं व्ही-८ मुळात समतोल असतं, त्यामुळे वेगात फारसं काही जाणवत नाही. पण माझा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जरा तिखट आहे, आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन लंगडतं. सिग्नलला उभं राहिलं की आरशात मागच्या गाडीचे चार हेडलाइट दिसायचे, ग्लोव्हबॉक्सचं झाकण तडतडायचं आणि ते सगळं स्टिअरिंगच्या दांड्यातून हातात यायचं. बायकोने एकदाच विचारलं, "अहो, ही गाडी अशीच असते की काही सुटलंय?" खरं तर नोव्हाची पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारा सांगाडा) बॉडीला रबरी बुश, म्हणजे रबरी गाद्या, घालूनच जोडलेली असते, म्हणून निदान एवढ्यावर निभावलं. ते बुशही अॅल्युमिनियमचे केलेत तर मग देवच आठवेल.

तरी सॉलिडला सरसकट नावं ठेवणार नाही. त्याने इंजिनाची ताकद वाढते ही अफवा आहे, पण इंजिन जागचं हलत नाही हे शंभर टक्के खरं. जुन्या शेव्हरलेमध्ये क्लचची यांत्रिक जोडणी एका बाजूला इंजिनाला आणि दुसऱ्या बाजूला फ्रेमला टेकलेली असते. इंजिन उचललं गेलं की ती जोडणी तिरकी होऊन क्लच अडकतो. स्ट्रिपवर हे नको असतं. सॉलिड लावायचेच असतील तर गिअरबॉक्सखालचा माउंट रबराचाच ठेवा. गाडीची बॉडी पिळते आणि तो पीळ कुठेतरी जायलाच हवा. सगळंच आवळून टाकलंत तर अॅल्युमिनियमच्या केसिंगचा कान तडकतो, आणि मन्सी गिअरबॉक्सचं जुनं केसिंग काही स्वस्त मिळत नाही.

मग इथले जुने लोक रबर म्हटलं की नाक का मुरडतात? त्यांची भीती खोटी नाही. साठच्या दशकातल्या शेव्हरले माउंटमध्ये लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये नुसतं रबर चिकटवलेलं असायचं. जोरात अॅक्सिलरेटर दिला की इंजिन पिळतं आणि ड्रायव्हरच्या बाजूने वर उठतं, म्हणजे त्या बाजूचं रबर नेमकं ओढलं जातं. तेल लागून ते फुगलेलं असलं की फाटतं. इंजिन उचललं की थ्रॉटलची (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) जोडणी ओढली जाऊन तो उघडाच अडकू शकतो. म्हणून १९७१ मध्ये शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय, तर इंजिन फार वर उठू नये म्हणून बांधलेली एक तार! रबर होतं तसंच राहिलं.

मी घेतले ते त्यानंतरच्या घडणीचे, इंटरलॉक असलेले. यात दोन्ही लोखंडी भाग एकमेकांत अडकवलेले असतात. रबर फाटलं तरी इंजिन थोडं खडखडेल, पण सुटणार नाही. खरेदीत हीच एक गोष्ट हटकून बघा. दुसरी गोष्ट उंची. स्मॉल-ब्लॉकचे (माझ्या ३५० सारख्या इंजिनांचे) माउंट दोन प्रकारचे येतात, बुटके-रुंद आणि उंच-अरुंद, आणि फ्रेमवरचा स्टँड त्याच जोडीचा लागतो. एका ऑनलाइन दुकानाने मला खोक्यात एक बुटका आणि एक उंच असे दोन भाऊ पाठवले. बदलून दिले, पण पुढचा शनिवार-रविवार वाया गेला तो गेलाच.

बसवणं अवघड नाही, चिकाटीचं आहे. ऑइल पॅनखाली जाड लाकडी फळी ठेवून जॅक लावायचा आणि इंजिन उचलताना मागे डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) फायरवॉलला, म्हणजे केबिनच्या पुढच्या भिंतीला, आणि पुढे पंखा त्याच्या भोवतीच्या कवचाला लागत नाही ना ते बघत राहायचं. ब्लॉकचे तीन बोल्ट सहज लागतात. मधला लांब आडवा बोल्ट मात्र भोकं तंतोतंत जुळल्याशिवाय शिरत नाही. हातोडा घेऊ नका, जॅक केसभर वर-खाली करा. सगळे ढिले लावून घ्या आणि मगच आवळा.

आता आरशात दोनच हेडलाइट दिसतात. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला तरी क्लच मोकळा आहे. माझ्या नोव्हाला याहून जास्त काही नको. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) माउंट मित्राच्या शेव्हरले शेवेलमध्ये अनुभवले आहेत: तेलाला दाद देत नाहीत, इंजिन घट्ट धरतात, पण आयडलची थरथर सॉलिडच्या बरीच जवळ जाते. इंजिन चांगलंच तयार केलेलं असेल आणि कधीमधी स्ट्रिपवर जात असाल तर ते घ्या.

एक राहिलं. सॉलिड माउंटमधून इंजिन आणि फ्रेम यांचं अर्थिंग आपोआप होतं, रबर ते तोडतं. माझ्या गाडीत इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी कुणीतरी काढून टाकलेली होती. ती नवीन लावल्याशिवाय स्टार्टर मारू नका, नाहीतर बॉडीकडचा सगळा करंट थ्रॉटल किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती जळते.